दक्षिणेकडे गप्प बसलेला रेडिओ

मृण्मयीला रडू कोसळायच्या बेतात होतं. पण शास्त्रज्ञ रडत नाहीत असं तिचं ठाम मत असल्यामुळे ती नुसतीच नाक ओढत होती.

साल्हेर गडाच्या माथ्यावर पौषातला वारा नुसता झोंबत होता. तिच्यापुढच्या छोट्या रेडिओवर पश्चिमेकडून मस्कतचे एक काका बोलून गेले. पूर्वेकडून बँकॉकच्या आजीबाईंनी तर हवापाणीसुद्धा विचारलं. दक्षिणेकडून मात्र कोणी चकार शब्द काढेना, आणि मृण्मयीची आई नेमकी दक्षिणेलाच होती, थेट अंटार्क्टिकावर!

संपर्काचा उपग्रह बिघडल्यापासून तिचा फोन आला नव्हता. उद्या ती बर्फाचा अभ्यास करायला तळ सोडून खूप आत जाणार होती. तिथून महिनोन्महिने बोलता येणार नव्हतं. आज दुपारपर्यंत ती तळावरच्या रेडिओशी बसून राहणार होती; तसा तिचा निरोप कालच देशोदेशीच्या हौशी रेडिओवाल्यांनी हातोहात पोचवला होता. म्हणून तर भल्या पहाटे आबा, मृण्मयी आणि सामान वाहणारा चार पायांचा यंत्रमानव खेचरू गड चढून आले होते. आबा म्हणजे आईचे बाबा. त्यांची सारी नोकरी रेडिओलहरींच्या संशोधनात गेली होती.

"थंडीने माझी बॅटरी लवकर उतरते आहे," खेचरूने जाहीर केलं. "तिच्यावरचा रेडिओ थोडाच वेळ चालेल."

"गप रे!" मृण्मयी खेकसली आणि मग तिला राहवेना. "आबा, मला आईचा आवाज आठवेनासा झालाय. चेहरा आठवतो, पण आवाज नाही."

आबांनी तिला जवळ ओढलं. "आठवेल, राणी. आधी मला सांग, आपण इतक्या उंच का आलो?"

"घरी चारी बाजूंनी डोंगर आहेत. लहरी त्यांना अडतात. इथून त्या जमिनीलगत सरळ निघतात."

"पण पृथ्वी तर गोल. सरळ गेलेली लहर अवकाशात निघून जाईल की!"

"नाही, वर आयनांबर आहे ना!" (म्हणजे सूर्यकिरणांमुळे विजेचा भार आलेला, खूप उंचावरचा हवेचा थर.) "लहर तिथून वळून खाली येते, समुद्रावर आपटून पुन्हा वर जाते. तळ्यात चपटा दगड फेकला की टप्पे घेत जातो, तशी."

"शाबास! म्हणजे आभाळ आपलं काम करतंय. मग तारेकडे बघू. ही कशी बांधलीस?"

दोन बांबूंमध्ये अँटेना (लहरी पाठवणारी आणि पकडणारी तार) ताणलेली होती. ती मृण्मयीनेच होकायंत्र लावून बांधली होती. "बाणासारखी! टोक अगदी आईकडे."

आबांच्या मिशीत हसू फुटलं. "ओट्यावर लाटणं ठेवलं, तर ते घरंगळतं कुठे?"

"बाजूला."

"टोकाच्या दिशेने?"

"छे! तसं कसं..." मृण्मयी अर्ध्यातच थांबली. मस्कत पश्चिमेला होतं आणि बँकॉक पूर्वेला. "आबा! तारेतून लहरी बाजूंना जातात, टोकांकडे जेमतेमच! मी तर आईकडे टोकच करून ठेवलंय! तुम्हाला आधीच दिसलं होतं?"

"आत्ताच दिसलं गं. मघापासून मी रेडिओचीच बटणं पिरगाळत बसलो होतो. म्हातारा झालो!"

दोघांनी धावाधाव करून बांबू उपटले. बोटं गारठून लाकडं झाली होती, गाठ सुटता सुटेना. शेवटी खेचरूने आपल्या पायाने दगड रेटून बांबू पक्के केले. तार आता पूर्व-पश्चिम झाली आणि तिची बाजू दक्षिणेकडे आली.

मृण्मयीने कानाला हेडफोन लावले. रेडिओच्या परवान्याची परीक्षा ती नुकतीच पास झाली होती, त्यामुळे रीत तिला पाठ होती. आधी ज्याला हाक मारायची त्याचं सांकेतिक नाव सांगायचं, मग आपलं. तिने हाक दिली. नुसती खरखर आली. पुन्हा दिली.

"बॅटरी संपत आली," खेचरू हळूच म्हणाला.

तिसऱ्या हाकेला खरखरीतून एक आवाज वर आला, बुडाला आणि पुन्हा वर आला. आईने रीतीप्रमाणे आपलं सांकेतिक नाव सांगितलं, आवाज किती स्पष्ट येतोय ते सांगितलं आणि मग सगळी रीत सोडून दिली.

"मनू, आवाज एवढा का कापतोय? कानटोपी घातली नाहीस ना?"

शास्त्रज्ञ रडत नाहीत हे मृण्मयी साफ विसरली. ती हसत होती, रडत होती आणि हेडफोनवरून कानटोपी ओढत होती.

"घातली गं आई! आणि ऐक, तू मंगळावर गेलीस ना, तरी मी तुला शोधून काढीन. तार कशी बांधायची ते मला आता कळलंय!"