ग्रीक अक्षरांची फ्लॉपी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दामिनीनं प्रेसमधला पत्र्याचा डबा उघडला. केशोराव सरांच्या भूमितीच्या पुस्तकाच्या सगळ्या फ्लॉप्या होत्या. 'ग्रीक' लिहिलेली तेवढी गायब.

"डब्याची किल्ली तुह्याजवळच होती न?" प्रेसच्या मालकीण शामकलाबाईंनी विचारलं.

"उदारामकाकांजवळही आहे, बाई."

"ते चाळीस वर्षांपासून आहेत इथं. तू सहा महिन्यांपासून. संध्याकाळपर्यंत फ्लॉपी दे, नाहीतर उद्यापासून येऊ नको."

पुस्तकातले अल्फा, बीटा, थीटा त्या फ्लॉपीवरच्या एकाच फॉन्टमध्ये बसवलेले, आणि त्याची दुसरी प्रत नव्हती. दुसरा लावला की थीटाच्या जागी भलतंच अक्षर यायचं. तीनशे पानं पुन्हा तपासण्याइतकी नजर सरांना उरली नव्हती. एका डोळ्यानं जेमतेम दिसत होतं, तेही जाण्याआधी त्यांना छापलेलं पुस्तक पाहायचं होतं.

तो फॉन्ट सत्त्याण्णव साली शामकलाबाईंनी मिळवला होता. कॉलेजांना पत्रं लिहून, कोरी फ्लॉपी नि परतीच्या टपालाची तिकिटं पाठवून, फुकट. आठ दिवसांपूर्वी सरांनी दामिनीला प्रस्तावना तोंडी सांगितली आणि त्यात एकट्या बाईंचे आभार मानले. टाईप करताना दामिनी आतून जळली. सहा महिने डोळे फोडले तिनं, नाव मात्र बाईंचं. ते पान उदारामनंही वाचलं होतं. वाचून सुपारी कातरत बसला होता.

दामिनीनं टेबलाखाली पाहिलं, कागदांचे गठ्ठे हलवले. मागच्या भिंतीशी शिशाच्या खिळ्यांचं, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांचं, जुनं कपाट होतं. कप्प्यांवर बोटभर धूळ. तिसऱ्या कप्प्यावर मात्र कुंकवाचं ताजं बोट आणि झेंडूची पाकळी.

ती उदारामकडे गेली.

"काका, काल पूजा कशाकशाची केली?"

"जे चालते त्याचीच. कटर, मशीन, कॉम्प्युटर. बंद हत्यार कायले पुजायचं?"

"अन् खिळ्यांचं कपाट?"

"वीस वर्षांत हात नाही लावला मी त्याले."

दामिनीनं बाईंना हाक मारली आणि दोघांसमोर तिसरा कप्पा ओढला. आत फ्लॉपी होती. तिच्यावरही कुंकू.

"काकांनी फ्लॉपी दसऱ्याआधीच काढली," ती म्हणाली. "पण सरांच्या विद्येची वस्तू पूजेविना ठेवायचं जिवावर आलं. म्हणून तिला अन् कप्प्याला कुंकू लावलं. या प्रेसमध्ये बंद पडलेल्या वस्तूला कुंकू लागत नाही, म्हणून कळलं."

उदारामनं कप्प्यातून एक खिळा उचलला. "शिशाच्या शून्यात तार बसवून हा थीटा मी बनवला. सरांचे पेपर किती वर्षं याच्यावर छापले. अन् आभार कोनाचे?" मग दामिनीकडे पाहून म्हणाला, "मीच लपवली, हे तुले कसं समजलं?"

"ते पान टाईप करताना फ्लॉपी लपवायचं माह्याही मनात आलं होतं, काका. तुम्ही माह्या आधी केलं."

शामकलाबाईंनी तो खिळा हातात घेऊन पाहिला. मग त्यांनी सरांना स्पीकरवर फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"चूक माझी आहे," सर म्हणाले. "उदारामचं नाव घाला. आणखी कुणी राहिलं का?"

दामिनी खाली पाहत होती. बाई काही बोलण्याआधी उदाराम फोनजवळ वाकला.

"या पोरीचंही टाका, सर. हिच्यावर आळ आला माह्यापायी."

दामिनीनं दोन्ही नावं टाईप केली. आपलं आधी टाकावं, असं एकदा मनात आलं. मग तिनं ते उदारामच्या मागे टाकलं.