खुर्चीखालची निळी फुली

ऑक्टोबरातल्या एका सकाळी राउनो हिल्काकाकूंकडे मापं घ्यायला गेला. काम साधंच होतं. लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी कुठे बसवायची आणि तिचं धुराडं छपरातून कुठे काढायचं, एवढं ठरवायचं होतं. पण वेळ थोडा होता. गेल्या फेब्रुवारीत बर्फाच्या भाराने तारा तुटल्या, दोन दिवस वीज नव्हती, आणि विजेवर तापणाऱ्या त्या घरात काकूंचा नवरा एटू जो गारठला तो पुन्हा उठला नाही. आता ओउलू शहरातून मुलीने बजावलं होतं, की थंडी पडायच्या आत शेगडी पेटली नाही, तर आईने तिच्याकडे राहायला यायचं. ओउलूतल्या तिच्या चौथ्या मजल्यावरच्या घराचं नुसतं नाव निघालं तरी काकूंचा चेहरा उतरायचा.

राउनोने खोलीभर नजर फिरवली. योग्य जागा एकच होती, खोलीच्या मधोमध, छपराच्या आढ्याखाली. जुनी दगडी भट्टी तिथेच होती. वीज स्वस्त झाली तेव्हा एटूने मोठ्या हौसेने ती फोडून टाकली आणि तिच्या जागी आपली डुलती खुर्ची मांडली. खुर्ची अजून तिथेच होती.

"काकू, खुर्ची सरकवावी लागेल."

"खुर्चीला हात लावायचा नाही."

"अहो, शेगडी भिंतीकडे गेली तर धुराडं बाहेरून न्यावं लागेल. ते गार पडणार, धूर उलटा घरात येणार. वर छपरावरून बर्फ घसरला की नळीच मोडून पडेल."

"मग एटूने बसायचं कुठे?" काकूंनी कॉफी ओतली. "पाव घे. काय वाळलायस! बायको उपाशी ठेवते वाटतं?"

राउनोने पावाचा तुकडा मोडला. त्याने एटूच्या हाताखाली चार वर्षं सुतारकी केली होती. म्हाताऱ्याच्या उजव्या हाताची दोन बोटं करवतीने नेलेली, आणि उरलेली तीन लाकडावर रेघ मारायच्या दोरीच्या निळ्या पुडीने कायम माखलेली असत. तोंडाने शाबासकी देणं त्याला ठाऊकच नव्हतं. काम मनासारखं झालं की पाठीत एक थाप, बस्स. त्या थापेसाठी राउनो जीव टाकायचा.

नाइलाजाने त्याने भिंतीशी खडूने पांढरी फुली मारली आणि शिडी आणायला गाडीकडे गेला.

परत आला तेव्हा खोलीत नुकत्या कापलेल्या पाइनच्या लाकडाचा वास होता. भिंतीजवळची फुली पुसली गेली होती. आणि खुर्ची खिडकीपाशी होती.

"काकू... खुर्ची कुणी हलवली?"

काकू दोन काठ्यांवर भार देऊन मोरीपाशी उभ्या होत्या. त्यांना बूट घालायलाही वाकता येत नसे. त्या वळल्या आणि बघतच राहिल्या.

खुर्चीच्या जागी जमिनीवर निळी फुली होती. एक टोक लांब ओढलेली, एटू ओढायचा तशी. राउनोने शिडी लावून आढ्यावरून ओळंबा सोडला. तो हेलकावे घेत घेत थांबला, तो बरोबर फुलीच्या मध्यावर.

"त्याची निळ्या पुडीची डबी... कुठेय?"

"त्याच्याजवळ," काकू हळूच म्हणाल्या. "पुरताना मीच कोटाच्या खिशात घातली होती..."

मग काकूंच्या डोळ्यांना धार लागली आणि त्या हसायलाही लागल्या. "चाळीस वर्षं मला त्या खुर्चीत टेकू दिलं नाही बघ. आणि आता मला ऊब मिळावी म्हणून जागा सोडतोय, खडूस कुठला!"

पुढच्या शनिवारी राउनोने धुराडं उभं केलं. छपरावर तो एकटाच होता. वरची टोपी घट्ट बसवताना पाठीत काहीतरी धप्पकन बसलं. वारा असेल, असं त्याने स्वतःला बजावलं आणि मागे वळून न बघता खाली उतरला. पहिला धूर सरळ वर गेला. काकूंनी मुलीला फोन लावला, "मी कुठ्ठे येत नाही, समजलीस?" आणि आयुष्यात पहिल्यांदा एटूच्या खुर्चीत जाऊन बसल्या. राउनोला अगदी भरून आलं.

संध्याकाळी तो नेहमीसारखा बायकोबरोबर सौनात, घामाच्या अंघोळीच्या खोलीत, बसला. तापल्या दगडांवर पाणी टाकलं, वाफ चढली. तुइया त्याच्या पाठीला साबण लावत होती. ती मध्येच थांबली.

"हे निळं काय रे?"

"कुठे?" छपरावर त्याच्या अंगात जाड कोट होता, आत स्वेटर, आत बनियन.

"पाठीवर. कुणाच्यातरी हाताचा ठसा दिसतोय." तिने घासघास घासलं. "निघत नाहीये... राउनो, याला तीनच बोटं आहेत."

दोघांची अंगं वाफेने लालबुंद झाली होती, घाम नुसता निथळत होता. तुइयाने ठशावर तळवा ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"एवढीच जागा गार आहे रे... बर्फासारखी."