ओठांवरचा आवाज

कल्लाप्पाने चहाचा घोट घेतला आणि समोर बसलेल्या बायकोकडे पाहिले. सुगंधाचे ओठ हलत होते. चहा गार होतोय, असे ती म्हणत होती हे त्याला कळले. पण कळले कसे, ते काही ध्यानात येईना, कारण तिचा आवाज आलाच नव्हता.

बाकी सगळे ऐकू येत होते. मोरीतला नळ ठिबकत होता. शेजारच्या घरात कुकरने शिट्टी दिली. कप बशीवर टेकला त्याचाही आवाज झाला आणि तो दचकला. इतक्या बारीक गोष्टींना आवाज असतो, हे तो विसरून गेला होता.

"काय म्हणालीस?"

सुगंधाने पुन्हा ओठ हलवले.

"अगं, मोठ्यानं बोल की."

तिने डोळे वटारले आणि तोंड आणखी मोठे करून काहीतरी सुनावले. कान काल दवाखान्यातच ठेवून आलात काय, असे असावे. आवाज नव्हताच. काल सकाळपर्यंत हिचा आवाज त्याला नीट ऐकू येत होता. जगातला दुसरा कुठला आवाज धड येत नव्हता तेव्हाही हिचा येत होता.

त्याने उजव्या कानामागे बोट नेले. तिथे बटणाएवढे यंत्र चिकटवलेले होते. त्याला नादशामक म्हणत.

इचलकरंजीत आता लाकडी धोटा इकडून तिकडे फेकणारे जुने माग राहिले नव्हते. हवेच्या झोताने सूत फेकणारे नवे माग काचेच्या बंद खोल्यांत चालत आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एखादाच माणूस लागे. पण जुन्या मागांचा खडखडाट ज्यांनी उमेदीची सगळी वर्षे ऐकला, त्यांच्या कानांत तो शिट्टीसारखा होऊन उरला होता. कल्लाप्पाच्या कानातली शिट्टी झोपेतही थांबत नसे. पुढे तिच्या जोडीला भोवळ आली. मागच्या दिवाळीला आकाशकंदील लावताना तो गच्चीच्या जिन्यावरून पडला आणि खुब्याचे हाड मोडले. तेव्हा सुगंधानेच त्याला संशोधन केंद्रात नेले. जुन्या मागकामगारांच्या शिट्टीवर आणि भोवळीवर तिथे नव्या उपचाराची चाचणी चालू होती. काल यंत्र बसवले आणि शिट्टी थांबली. कोणीतरी कारखान्याची वीजच घालवावी, तशी. घरी येताच तो आडवा झाला आणि आज सकाळपर्यंत गाढ झोपला होता.

आणि शिट्टीबरोबर बायकोचा आवाजही गेला होता.

दुपारी दोघे केंद्रात पोचले. डॉ. रेहाना मुजावर यांनी त्याचे म्हणणे ऐकले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काका, माझं बोलणं येतंय ना?"

"येतंय की. ह्या पंख्याचंसुद्धा येतंय. हिचंच येईना."

"मग बरंच झालं म्हणायचं," डॉक्टर हसून म्हणाल्या. पण त्याचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरले.

त्यांनी तपासणी केली. बारीक, जाड, उंच, खोल, सगळे सूर त्याच्या वयाच्या मानाने चांगले येत होते. मग त्यांनी एक ध्वनिफीत लावली. नावनोंदणीच्या दिवशी घरच्या माणसांचे चार शब्द मुद्दाम टिपून ठेवलेले होते. खोलीत एका बाईचा आवाज उमटला. जाडसर, घोगरा, थोडा दमलेला. "यांना बरं करा बाई. राती झोपत न्हाईत, उठून बसत्यात."

"हा आवाज कोणाचा, काका?"

कल्लाप्पाने मान तिरकी करून ऐकले. "कोण बाई आहे. खेडेगावची दिसती. आमच्यासारख्याच कुणाची तरी मंडळी असंल."

सुगंधा डॉक्टरांकडे बघत ताडकन उभी राहिली. "अहो बाई, मी हाय ती!"

तो गर्रकन वळला. तोच घोगरा आवाज बायकोच्या तोंडातून आला होता. तिचे नाक, तिचे कुंकू, तिची तुटक्या दाताची फट, सगळे ओळखीचे, आणि मधेच हा परका आवाज. त्याला जिन्यावर आली होती तशी भोवळ येईल असे वाटले. त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला.

सुगंधा त्याच्याजवळ वाकली, खांद्यावर हात ठेवला आणि ओठ हलवले. पुन्हा काही नाही. नुसती शांतता.

डॉक्टर हातातली लेखणी तशीच धरून बघत राहिल्या. यंत्राने माणसांचे आवाज ओळखण्याची शक्तीच मारली असेल, तर चाचणी आजच थांबवावी लागणार, हा विचार त्यांच्या मनात आला होता. पण आता त्यांनी जे पाहिले ते काही वेगळेच होते.

"मावशी, आत्ता यांना काय म्हणालात?"

"घाबरू नका, म्हटलं."

"आवाज काढलात?"

"म्हंजे? आवाज काढल्याबिगर बोलता येतं व्हय?"

डॉक्टरांनी ध्वनिमापक तिच्या तोंडापुढे धरला. "परत म्हणा. माझ्याकडे नाही, यांच्याकडे बघून."

सुगंधाने नवऱ्याकडे बघून तेच म्हटले. पडद्यावरची रेघ सरळच राहिली. मग ती डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "म्हटलं की." आणि रेघ टुणकन वर उडाली.

तिघेही त्या रेघेकडे बघत राहिले.

सुगंधाच्या तोंडून हळूहळू सगळे बाहेर आले. लग्न होऊन ती आली ती मागांच्या शेडला लागून असलेल्या खोलीत. दुसऱ्याच दिवशी ती शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायला बसली. तिथे ओरडून उपयोग नसे, घसाच बसायचा. सगळी बाया-माणसे ओठांनी बोलत. एक एक शब्द तोंड मोठे करून, डोळ्यांनी, भुवयांनी. भांडणेसुद्धा तशीच. मागून हाक मारायची पद्धतच नव्हती, समोर येऊन खांद्याला हात लावायचा. शेड सुटली, पण नवऱ्यासमोर तिचा घसा आपोआप बंद व्हायचा राहिला नाही. तिला स्वतःला ते कधी कळले नाही. हुबळीला दिलेली मुलगी मात्र लहानपणी विचारायची, आई, तू बाबांशी रोज काय गुपित बोलतेस?

"पण मला ऐकू यायचं!" कल्लाप्पा म्हणाला. "डॉक्टरबाई, मी खोटं सांगत न्हाई. ही रागावली की आवाज चढायचा. गाणं म्हणायची तेपण ऐकलंय मी."

"खोटं नाही, काका. ऐकू यायचंच तुम्हाला." डॉक्टर खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. "कानाच्या आत केसांसारख्या बारीक पेशी असतात. मागांच्या आवाजानं त्यातल्या बऱ्याच मेल्या. मग मेंदूला तिकडून पुरेसं काही येईना. मेंदूला अशी शांतता सोसत नाही, तो स्वतःच आवाज तयार करतो. ती तुमची शिट्टी. मावशींचे ओठ हलले की मेंदू त्याच शिट्टीतून शब्द घडवायचा. आम्ही शिट्टी बंद केली, तसा घडवायला मालच उरला नाही."

"म्हंजे तो आवाज हिचा न्हवं?"

शेजारच्या खोलीत श्रुतिचित्रक होता. मेंदूचा ऐकणारा भाग जे ऐकतो, ते हे यंत्र टिपून बाहेरच्या ध्वनिवर्धकावर वाजवी. तो आवाज ऐकायचा का, असे डॉक्टरांनी विचारले, आणि आधी सुगंधाच म्हणाली, "ऐकवा. मलाबी बघू दे."

तिथे कल्लाप्पाच्या डोक्यावर जाळीदार टोपी चढवली. नादशामक घटकाभर बंद केला. शिट्टी परत आली, आणि त्याचे खांदे वर चढले. बाहेर ध्वनिवर्धकावरही ती वाजू लागली तेव्हा सुगंधाने कानांवर हात ठेवले.

"हे असलं ऐकत होता रात्रंदिवस?"

आवाज न काढताच विचारले होते तिने. आणि ध्वनिवर्धकातून, शिट्टीच्या आडून, एक आवाज निघाला. पातळ, स्वच्छ, शेवटच्या शब्दावर जरा हेलकावणारा. हे असलं ऐकत होता रात्रंदिवस?

कल्लाप्पाचा चेहरा उजळला. "हीच की! ऐकलंत डॉक्टरबाई? ही आमची सुगंधा."

सुगंधा डॉक्टरांकडे वळून, त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ही मी न्हवं. माझा आवाज असा कधीच नव्हता. पोरगी होते तेव्हापण न्हाई. आई म्हणायची, हिचा घसा गड्यासारखा." ती हसायला गेली, पण हसू नीट आले नाही. "इतकी वर्षं सवत नांदवली की हो घरात. आणि जेवण मी घालतेय."

"अगं, तसं न्हवं..."

"तसंच हाय. कोण हाय ती?"

कल्लाप्पाने आठवून बघितले. लग्नाआधी तिचे बोलणे त्याने ऐकले नव्हते, आणि लग्नानंतर माग होते. हा आवाज कुठून आला? आईचा नव्हता, बहिणीचा नव्हता. त्याने तो कोणाकडून घेतला नव्हता. फक्त तिच्या ओठांकडे बघत बघत तो आपोआप तयार झाला होता.

डॉक्टरांनी नादशामक पुन्हा चालू केला. खोली शांत झाली.

"काका, हे मला सांगावंच लागेल. यंत्र आठवडाभर राहिलं, तर मेंदू शिट्टी कायमची विसरेल. मग यंत्र काढलं तरी ती परत येणार नाही. तो आवाजही येणार नाही. यंत्र आज काढलं, तर दोन्ही राहतील. भोवळही राहील. पुढच्या वेळी जिन्यावरून पडलात, तर मी काही हमी देऊ शकत नाही. आठवडा हाताशी आहे, पण आज ठरवलेलं बरं."

डॉक्टर दार ओढून बाहेर गेल्या.

इथे घरच्यासारखा ठिबकणारा नळ नव्हता, पंखा होता. त्याचा आवाज कल्लाप्पा ऐकत बसला. खुबा ठणकत होता. समोर सुगंधा होती, आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"तूच सांग," तो म्हणाला. "ठेवू का काढू?"

तिने तोंड वर केले. ओठ उघडले, आणि सवयीने घसा बंद झाला तो तिला या वेळी कळला. तिने गळ्यावर हात ठेवला. खाकरली. पुन्हा ओठ उघडले.

कल्लाप्पा पुढे सरकून वाट बघत राहिला. ती जे सांगणार ते तिच्या ओठांवरून त्याला कळणारच होते. पण त्या घोगऱ्या आवाजाच्या बाईशी नव्याने संसार मांडायला आपल्याला जमेल का, आणि तिला तरी आपल्याशी मांडावासा वाटेल का?