दांड्याला धरून सात मुली

शपथेवर सांगतो पोरांनो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी स्वतः तिथे होतो. म्हणजे नव्हतो, पण माझी मेव्हणी होती, आणि ती माझ्यासारखी थापाडी नाही.

तिने जुन्या बाईंचा क्लास सोडून स्वतःची बॅले शाळा काढली. बाई म्हणाल्या, "तीन महिन्यांत परत येशील, तोंड पाडून." दुकानावरचा एक हॉल, चुना दिलेल्या भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर लाकडी दांडा, आणि मुली मोजून सात. एकीची आई बिथरली, तर सातही घरी बसणार. मेव्हणीला झोपेतही तेच दिसायचं.

गेल्या हिवाळ्यातला मंगळवार. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं, बाहेर मिट्ट काळोख. मुली भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हातांनी दांडा धरून उभ्या. मेव्हणीची रीत अशी, की ती मागून फिरते आणि नुसतं बोट लावते. पाठीला लागलं की पाठ ताठ, हनुवटीला लागलं की मान वर. हात कुणाचा, म्हणून वळून बघायचं नाही.

तेवढ्यात दिवे गेले.

"दांडा सोडू नका गं," ती म्हणाली. "मी मीटर बघून येते. आकडे मोजत राहा."

ती खाली गेली. वरून मोजणं ऐकू येत होतं. एक, दोन, तीन, चार... तिने खटका वर केला. पडला. पुन्हा वर केला. टिकला.

वरचं मोजणं थांबलं होतं.

ती दोन-दोन पायऱ्या चढत वर आली. सातही जणी जागच्या जागी. पाठी ताठ. वर्षभर घासूनही जमल्या नसत्या, इतक्या ताठ.

"टीचर," सगळ्यांत धाकटी म्हणाली, मान न वळवता. "किती गार हात..."

"कुणाचा?"

धाकटीने दांडा आणखी घट्ट धरला.

"कधी लागला?"

"आत्ता. पोट आत घे म्हणून."

"मी खाली होते गं."

"माहितेय."

बाकीच्या सहा जणींतही कुणी श्वास सोडेना.

मेव्हणीने धाकटीला खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं. काळा पोशाख. पोटावर चुन्याची पाच बोटं. पोटावर... पाठीवर नाही. मुलगी आणि भिंत यांच्यात जागा होती वीतभर.

तिने तो पोशाख काढून घेतला, मुलीला दुसरा दिला. तिच्या आईला सांगितलं, उसवला होता. आज शाळेत एकतीस मुली आहेत. पोशाख तिच्या कपाटात आहे. तीनदा धुतलाय. बोटं निघत नाहीत.

बरं, एक गोष्ट मी पदरची घातली. दिवे गेले नव्हते. ती खाली गेली होती आठव्या मुलीचं नाव लिहून घ्यायला.

वर लख्ख उजेड होता. आणि सातही मुली भिंतीकडेच बघत होत्या.