आतली माती

घर आणि भट्टी यांच्यामध्ये एकच दार होतं, आणि मूर्तिकाराच्या बायकोने ते कधी बंद होऊ दिलं नव्हतं. इकडे ती घरभर गुणगुणत फिरे, तिकडे तो मेणात हात घालून बसे. तिच्या चालींना शब्द नसत. एक जिना चढतानाची, एक कपडे वाळत घालतानाची, आणि एक लेक तान्ही असताना तिला निजवायला केलेली. तिचा सूर वर गेला की त्याच्या बोटांखालचं मेण वर जाई, ती थांबली की तिथे खळगा पडे. ही मूर्ती नक्की कशाची आहे, असं लोक विचारत. तो म्हणे, बायकोला विचारा, मी नुसता हमाल आहे.

मग तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनशिवाय इलाज नव्हता, आणि नंतर आवाज राहील याची खात्री डॉक्टर देईनात. घरी परतताना ती म्हणाली, "लोक आवाज टेप करून ठेवतात. तुम्ही ओतून ठेवा. तेवढंच तर येतं तुम्हाला."

जिन्याची चाल त्याने आधी ओतली. आत मातीचा गाभा असलेल्या मेणावर मातीचा साचा चढवला, साचा भाजला, मेण वितळून वाहून गेलं आणि त्याच्या जागी ब्राँझ शिरलं. निवल्यावर तळाच्या भोकातून आतली माती कोरून काढली, त्या भोकात ब्राँझचंच बूच ठोकलं आणि कानशीने घासघासून सांधा नाहीसा केला. सांधा दिसला तर काम कच्चं, असं त्याचं मत होतं. मग सवयीने हातोडी मारून पाहिली. ओतकाम चांगलं असेल तर खणखणीत वाजतं, तडा असेल तर बद्द. हे वाजलंच नाही.

त्या दिवशी बायको जिन्यात मध्येच थांबली. तोंड उघडलं, मिटलं. "बघा, म्हातारी झाले," म्हणून हसली आणि मुकाट वर गेली.

कपड्यांची चाल ओतली तेव्हाही तेच झालं. या वेळी मात्र त्याने कानाडोळा केला नाही. लेकीला फोन लावून त्या दोन चाली विचारल्या. आई असं काही म्हणायची हेच लेकीला आठवेना. लेक तान्ही असताना घरात भरलेली जुनी टेप काढून लावली. दाराची कडी वाजली, बादलीत पाणी पडलं, तान्ही लेक रडली. जिथे बायको त्या दोन चाली गात होती तिथे काहीच नव्हतं.

तिसऱ्या चालीचं मेण तेव्हा टेबलावर तयार उभं होतं. त्याने भट्टी विझवली आणि त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं.

पण उन्हाळा तापला. मेण मऊ पडून एका अंगाला कलू लागलं, आणि स्वयंपाकघरातून येणारी अंगाईही कलू लागली. वर जायची तिथे ती खाली घसरे. त्याने मेण सरळ करायला घेतलं, तर मूळ वळण कसं होतं हे त्यालाच आठवेना.

"वेडंवाकडं होऊन जाण्यापेक्षा ओता," ती दारात उभी राहून म्हणाली. "निदान कुठेतरी राहील."

त्याने ओतलं. मेण वाहून जाताना त्याला रडू आवरेना. त्यानंतर घरात कुणी गुणगुणलं नाही.

ऑपरेशन छान झालं. आवाज अगदी शाबूत आहे, डॉक्टर आनंदाने म्हणाले. शुद्धीवर आल्यावर तिने घरी कधी जायचं असं विचारलं. प्रश्न होता, पण प्रश्नासारखा वाजला नाही. तिच्या बोलण्यातले सगळे चढउतार गेले होते. लेकीने फोनवर हळूच विचारलं, "बाबा, आई माझ्यावर रागावली आहे का?"

तिसऱ्या मूर्तीचं भोक त्याने बुजवलं नव्हतं. मन होत नव्हतं. थंडीतल्या एका सकाळी तो भट्टीच्या खोलीत आला, तर बायको जमिनीवर बसून त्या मूर्तीला कान लावून होती.

"आत कुणीतरी आहे," ती म्हणाली.

"माती राहिली असेल."

"बाई आहे. दमली आहे."

त्याने मूर्ती आडवी केली. भोकातून तार फिरवली. आत काही नव्हतं. हे उगाच उघडं ठेवलं, एकदाचं काम संपवून टाकू, असं म्हणत त्याने घासून लख्ख केलेलं बूच उचललं आणि भोकाजवळ नेलं.

बुचावर वाफ धरली.

विरली. पुन्हा धरली.

त्याने हात मागे घेतला. बूच स्वच्छ झालं. पुढे नेला. वाफ धरली.

त्याने वळून फळीवरच्या पहिल्या दोन मूर्तींकडे पाहिलं.

त्याने पहिली मूर्ती खाली घेतली. ती उलटी करून तो तळावरून अंगठा फिरवू लागला. मग नखाने चाचपलं. मग दुसरी घेतली.

काम पक्कं होतं. सांधा कुठेच लागेना.