पाखरीची घंटी

पासष्टच्या सप्टेंबरात आम्ही तीन माणसं आणि एक घोडी सूर्या नदीकडे निघालो, ते पळालेली खेचरं शोधायला!

लढाई पेटली होती. सैन्याची खेचरं घेऊन चाललेली गाडी वाणगावला अडकली, कारण पुढे पावसाने रुळांखालचा भराव वाहून गेला होता. जनावरांना पाणी पाजायला खाली उतरवलं, आणि नेमकी त्याच वेळी डोक्यावरून विमानं घरघरत गेली. झालं! सगळी खेचरं दावी तोडून पूर्वेच्या डोंगरात पसार! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भराव बांधून होणार होता आणि गाडी सुटणार होती. काश्मीरच्या डोंगरांत दारूगोळा वर न्यायचा आणि जखमी खाली आणायचे ते याच खेचरांच्या पाठीवरून. ती सापडली नाहीत, तर जखमी वरच पडून राहणार होते.

आमचे म्होरके कॅप्टन नरहरी सावे, सैन्यातले जनावरांचे डॉक्टर. मूळचे एडवणचे. घर इतकं जवळ, म्हातारी आई तिथे एकटी, पण गड्याने तिकडे मानसुद्धा वळवली नाही. दुसरा रामकिसन, खेचरांचा शिपाई, परभणीकडचा. तिसरा मी, पंढरी, गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर. औषधांची पेटी वाहायला माणूस हवा म्हणून मला धरलं. लढाईतली माझी कामगिरी एवढीच. गावात मी ती थोडी फुगवून सांगतो.

आणि घोडी पाखरी. पांढरी, वयस्क, गळ्यात पितळेची घंटी. खेचरांच्या तांड्यात अशी एक घोडी असतेच. खेचरं माणसाचं ऐकत नाहीत, पण घंटीवाल्या घोडीमागे कड्यावरूनही चालतात.

"मग काल ती हिच्याजवळ का थांबली नाहीत?" मी विचारलं.

रामकिसन मान खाली घालून म्हणाला, "सीमेवर आवाज चालत न्हाई. आतापासून सवय लागावी म्हणून घंटीत गवत कोंबलं व्हतं. इमानं आली तवा त्यांना घंटी ऐकूच आली न्हाई."

कॅप्टनांनी वाकून घंटीतलं उरलंसुरलं गवत बोटाने काढून टाकलं.

चिखल, करवंदीची जाळी, कमरेइतकं गवत! पाखरी घंटी वाजवत पुढे, आम्ही मागे. दुपार कलली तरी एकही खेचर दिसेना. तेवढ्यात डोक्यावर इरलं घेतलेली एक वारली बाई समोरून आली. तिचं नाव बुधी.

"तुमची ती लांब कानांची माजे म्हशींमागं उभी हायत," ती म्हणाली. "नदीपल्याड. हाकलली तरी जात नाय!"

बुधीच्या म्हशींच्या गळ्यात लाकडी घंटा होत्या. बिचारी खेचरं घंटेच्याच आवाजामागे गेली होती, फक्त घंटा दुसऱ्याची होती!

बुधीने नदीचा उतार दाखवला. मांडीभर पाण्यातून आम्ही पलीकडे गेलो. पाखरीची घंटी वाजली मात्र, खेचरं कान टवकारून एकामागून एक तिच्यामागे येऊन उभी राहिली. रामकिसनचे डोळे भरून आले.

पण वर डोंगरात पाऊस कोसळत होता. परतायला आलो तेव्हा पाणी गढूळ झालं होतं, चढत होतं.

"बिगी करा!" बुधी ओरडली. "आजून येळ केला तं उतार बुडंल!"

रामकिसनने पाखरीला पाण्यात घातलं. चार पावलं. पाचवं दगडांच्या फटीत गेलं. घोडी आडवी झाली. कडाड! आम्ही तिघांनी ओढून तिला काठावर घेतलं. पुढच्या पायाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. खेचरं मागे सरली आणि खिळून उभी राहिली.

"तुमी डॉक्टर हाव, सायेब. बांधा की पाय!"

कॅप्टनांनी पाय हातात घेतला. हाड चाचपलं. मग म्हणाले, "नाही जुळणार, रामकिसन. हिला अशी सोडून गेलो तर रात्रभर तडफडेल. आणि गोळी झाडली तर ही सगळी पुन्हा पळतील."

ते माझ्याकडे वळले. "क्लोरोफॉर्म."

मी कापसाचा बोळा पाखरीच्या चण्याच्या पिशवीत, तोबऱ्यात टाकला आणि बाटली त्यावर रिकामी केली. तोबरा रामकिसनने माझ्याकडून काढून घेतला.

"परक्याच्या हातचं ती खात न्हाई," तो म्हणाला.

पाखरीने तोबरा पाहिला आणि आपणहून त्यात तोंड घातलं. चणे मिळणार असं वाटलं तिला. असं दुःख मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही. रामकिसन तिच्या कानाशी काहीतरी बोलत राहिला. कॅप्टन तिच्या छातीवर हात ठेवून बसले होते. शेवटी त्यांनी टोपी काढली.

पाणी चढतच होतं! आता खेचरांना कोण नेणार? रामकिसनने पाखरीच्या पाठीवरची ओली झूल सोडून स्वतःच्या अंगावर घेतली. घंटी आपल्या गळ्यात बांधली. आणि पाठमोरा वाकून, पावलागणिक घंटी हलवत, पाण्यात शिरला.

घंटी वाजली. पहिल्या खेचराने झुलीचा वास घेतला. फुरफुरलं. पाय टाकला!

मग दुसरं. मग तिसरं. पाणी छातीला लागलं. एक खेचर वाहू लागलं. कॅप्टनांनी आयाळ धरून त्याला ओढलं. मागून बुधी म्हशी हाकाव्यात तशी हाकत होती, "हुर्र! चल, चल!" मी पेटी डोक्यावर धरून देवाचं नाव घेत होतो, दुसरं काही नाही.

सगळी पार झाली!

मागे वळलेल्या बुधीने पलीकडच्या काठावरून ओरडून सांगितलं, "घोडीवर दगड रचीन मी! कोल्हं लागू देनार नाय!"

संध्याकाळी खेचरं डब्यात चढली. गाडी सुटताना कॅप्टन मला म्हणाले, "एडवणला आईला सांग, नरहरी धडधाकट आहे. इथून गेला हे मात्र सांगू नकोस."

रामकिसन डब्याच्या दारात झूल पांघरून उभा होता. त्याने मूठभर गवत घेतलं आणि गळ्यातली घंटी हातात धरली.

"राहू दे," कॅप्टन म्हणाले. "डोंगर येईपर्यंत वाजू दे."

ब्लॅकआउटची गाडी, एक दिवा नाही. ती दिसेनाशी झाली तरी घंटी ऐकू येत होती.