चढावरची शपथ

चार्जिंगच्या मांडवात एकच प्लग रिकामा होता, अन् त्यावर दोन हात एकदमच पडले.

"घ्या तुम्हीच," तो म्हणाला. "गंगापूरची माणसं जागेवरून भांडत नसत्यात."

"मग एसटीत बसायला कसं मिळतं हो तुम्हाला?"

तो मनापासून हसला. सुदर्शन त्याचं नाव. तो अन् ज्ञानेश्वरी, दोघंही आजच्या शर्यतीत आपापल्या कॉलेजची गाडी चालवणारे. विजेवर पळणारी, जमिनीला टेकलेली, एकाच माणसापुरती गाडी. ज्ञानेश्वरीचं कॉलेज शहरातलं; तिनं आठवडाभर याच ट्रॅकवर सराव केला होता. सुदर्शनचा टेम्पो मात्र वाटेत बंद पडलेला, त्यामुळं त्याला सरावाची एकही फेरी मिळाली नव्हती.

"एक विचारू? तो शेवटचा चढ… जोरात घेतला तर चार्ज लई जातो का?"

जात होता. भसाभसा जात होता. पण तो इतक्या भोळेपणानं बघत होता, की तिला थट्टेची लहर आली… की जिंकायची हाव सुटली? तिचं तिलाच कळलं नाही.

"काही जात नाही. बिनधास्त पळवा."

"खरं?"

"भद्रा मारुतीची शपथ!"

शेवटच्या फेरीत तो तिला हात करून पुढं गेला… अन् चढाच्या मध्यावर त्याची गाडी थांबली. चार्ज संपला होता. ती शेजारून निघाली, तर गडी हातानंच खुणावत होता – जा, जा, जिंका!

ती जिंकली.

"अगं, थाप मारली तर काय झालं? नियमात बसतं," मैत्रीण रूपा म्हणाली. बसत असेल. पण चषक घेताना ज्ञानेश्वरीला तोंड कुठं लपवू असं झालं. ती तशीच गंगापूरच्या मांडवाकडं निघाली.

तिथं पोरं सुदर्शनवर तुटून पडली होती. "चढावर कशाला पळवली? वर्षाची मेहनत मातीत घातली!"

"माझाच पाय जड पडला," तो मान खाली घालून म्हणाला. तिचं नावही त्यानं काढलं नाही. मग ती दिसली. "अभिनंदन! तुम्ही बरोबरच सांगितलं होतं. मलाच नाय जमलं."

ज्ञानेश्वरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्यांना बोलू नका," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "मी खोटं सांगितलं. शपथही खोटीच घेतली. मला… लई लाज वाटतेय."

सुदर्शनच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. तो वायर गुंडाळायला लागला. डोळे भरून आले तशी ती वळली.

"मारुतीला काय सांगणार?" मागून त्याचा आवाज आला.

"शनिवारी पायी जाणारेय खुलताबादला, त्याच्या देवळात. नाक घासायला."

"एकटीच?"

"चूक एकटीचीच आहे ना."

तो जवळ आला. "राग आलाय मला. शनिवारपर्यंत जायचा बी नाय."

"हं…"

"पण वाटेतला दौलताबादचा घाट लई खडा हाय. चढावर बंद पडलीस, तर ढकलायला कुणीतरी लागंल ना?"

तुम्हीचं तू झालं होतं. ज्ञानेश्वरीला अजूनही मान वर करवेना. तिनं खाली बघतच हलकेच होकार दिला.